महागड्या आयईएमची तुलना: आवाजाची ठेवण ओळखायची कशी

पन्नास हजारांचा एक आणि सव्वा लाखाचा एक, असे दोन आयईएम (कानात घट्ट बसणारे इअरफोन) एकामागोमाग कानात घातले, तर पहिल्या मिनिटाला जो आवडतो तो बहुतेक वेळा नुसता थोडा मोठ्याने वाजत असतो. माझी पहिली मोठी खरेदी अशीच झाली. दहा मिनिटं ऐकलं, बेस दणदणीत वाटला, घेऊन आलो. महिन्याभरात लक्षात आलं, की त्यावर ख्याल ऐकायला बसलं की अर्ध्या तासात कान थकतात आणि मी बंदच करून टाकतो. आयईएममध्ये खोट नव्हती. दोन आयईएम एकमेकांशी ताडून कसे बघायचे, हे मला माहीत नव्हतं. या वाटेला नव्याने लागलेल्यांचे पैसे आणि कान दोन्ही वाचावेत म्हणून पुढच्या पायऱ्या लिहितोय.

आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानाच्या नळीत घट्ट बसून बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन. त्याचं घराणं स्टेजवरचं. १९९५मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे साउंड इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी अशी जोडी बनवली आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. आज घरी बसून गाणं ऐकणारेच हे जास्त विकत घेतात.

आणि ठेवण? दोन गायक एकाच पट्टीत एकच बंदिश गातात, तरी गळा कुणाचा ते पहिल्या आलापाला कळतं. आयईएमचंही तसंच. खर्जापासून टाळांच्या किणकिणाटापर्यंतच्या पट्ट्यात कोणता भाग तो पुढे आणतो आणि कोणता मागे ठेवतो, ती त्याची ठेवण. इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये तिला साउंड सिग्नेचर म्हणतात. किमतीशी तिचं नातं फार सैल आहे. पाच हजारांच्या आणि दीड लाखाच्या आयईएमची ठेवण जवळपास सारखी निघू शकते. म्हणून ‘महाग आहे म्हणजे मला आवडेल’ हा हिशोब इथे चालत नाही.

आधी कानात नीट बसवा

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टिप, म्हणजे आयईएमच्या टोकावरची मऊ टोपी, बदलली की आयईएम बदलतो, इतका फरक पडतो.

पहिली कसोटी बेसची. सलग वाजणारा ५० हर्ट्झचा सूर लावा. आयईएम बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर वाढला तर टिप नीट बसलेली नाही, फटीतून बेस निसटतोय. मोठी टिप घालून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळ्या मापाच्या टिप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात संकोच करू नका. फोमच्या टिप फट चांगली बुजवतात, पण वरचे सूर थोडे मऊ करतात. रुंद तोंडाच्या सिलिकॉन टिपने वरचा भाग साधारणपणे मोकळा वाटतो.

दुसरी कसोटी खोलीची. टिपच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंत जी बंद पोकळी उरते, तिचा स्वतःचा एक घुमार असतो. पोकळी जितकी आखूड, तितका तो घुमार वरच्या सुराला जातो. मोजमापाच्या यंत्रात तो साधारण ८००० हर्ट्झला धरलेला असतो. तुमच्या कानात तो ७००० ला असेल किंवा ९००० ला. एखाद्या रिव्ह्यूमध्ये ‘ट्रेबल (वरचे सूर) टोचतो’ असं लिहिलेलं असतं आणि तुम्हाला काहीच टोचत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आवाज बराच कमी करून ५००० पासून १०००० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर ऐका. कुठे तरी तो अचानक उसळेल. आयईएम किंचित आत-बाहेर करून उसळी कशी सरकते ते पाहा, आणि ती कमीत कमी जाणवेल ती जागा पक्की करा.

तुलना करायच्या दोन्ही आयईएमना, टिप जिच्यावर बसते त्या आयईएमच्या नळीची जाडी परवानगी देत असेल तर, एकाच जातीच्या टिप लावा. आणि कवच कानाला रुतत असेल तर पुढची कुठलीच पायरी करू नका. सोनीचा आयईआर-झेडवनआर आवाजाने भल्याभल्यांना भुलवतो, पण त्याचं कवच इतकं मोठं आहे की लहान कानात ते बसत नाही, आणि न बसलेल्या आयईएमची ठेवण तपासण्यात अर्थ नाही.

फोन, डोंगल, डॅक

इथे फार रेंगाळू नका. इफेक्ट आणि इक्वलायझर बंद करा, वायरने ऐका आणि दोन्ही आयईएमसाठी एकच उपकरण वापरा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. ड्रायव्हर म्हणजे आयईएमच्या आतला आवाज काढणारा इवलासा भाग. बॅलन्स्ड आर्मेचर या जातीचे अनेक ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा विद्युत अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, प्रत्येक सुराला वेगळा असतो. डॅकचा, म्हणजे डिजिटल गाण्याचं विद्युत लहरीत रूपांतर करून आयईएमला देणाऱ्या उपकरणाचा, स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर अशा आयईएमची ठेवणच बदलते. कँपफायर अँड्रोमेडा हे याचं गाजलेलं उदाहरण: पाच आर्मेचर, १२.८ ओम, आणि संवेदनशीलता एवढी की साध्या अँपची पार्श्वभूमीतली खरखरही त्यात ऐकू येते. ठोकताळा असा, की डॅकचा आउटपुट इम्पीडन्स आयईएमच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा. अ‍ॅपलच्या छोट्या डोंगलचा (फोनला वायरचा इअरफोन जोडणाऱ्या डॅकचा) तो एक ओमच्याही खाली आहे, त्यामुळे सुरुवातीला तेवढा डोंगल पुरेसा आहे. डॅकवर मोठी रक्कम घालण्याआधी टिपवर थोडी घाला.

आवाज जुळवा, मगच मत बनवा

एक-दीड डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतच नाही. ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त जिवंत’ असं वाटतं. शिवाय आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने जास्त जोरात भासतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे एकच आयईएम हळू आणि मोठ्याने वाजवला तर त्याच्याच दोन ठेवणी ऐकू येतात.

जुळवायची रीत सोपी आहे. ५०० ते १००० हर्ट्झच्या मधला एखादा सूर, समजा ७०० हर्ट्झ, पहिल्या आयईएमवर लावा. दुसऱ्यावर तोच सूर तितकाच मोठा येईपर्यंत प्लेअरमधला प्रीअँप (आवाजाची पातळी डेसिबलमध्ये वर-खाली करायची सोय) अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने हलवा. फोनच्या आवाजाची एक पायरी या कामासाठी फार मोठी पडते. दोन-तीनदा अदलाबदल करून आकडा टिपून ठेवा. वेगळ्या ठेवणीचे दोन आयईएम सगळ्याच सुरांना सारखे मोठे होऊ शकत नाहीत. मधला भाग जुळवल्यावर वर-खाली जो फरक उरतो, तोच तर आपल्याला ऐकायचा आहे.

पातळी बेताची ठेवा. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि तुलनेच्या नादात आवाज नकळत चढत जातो. दर वीस मिनिटांनी आयईएम काढून पाच मिनिटं शांत बसा. थकलेल्या कानाला सगळेच आयईएम टोचतात.

ऐकायचं काय: तानपुऱ्यापासून सुरुवात

इंग्रजी रिव्ह्यूंमधल्या चाचणीच्या याद्या परदेशी रॉक आणि जॅझने भरलेल्या असतात. ते संगीत तुमच्या रोजच्या ऐकण्यात असेल तर जरूर वापरा. पण ज्या वाद्याचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे, त्यावरच तुमचा कान खात्रीने बोट ठेवू शकतो. माझ्यासाठी ते वाद्य तानपुरा. घरात मिरजेचा तानपुरा आहे, लहानपणापासून कानात तोच बसलेला. (मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार आधीच मिळायला हवं होतं.)

खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घ्या, इलेक्ट्रॉनिक पेटीचं नको. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेल्या तानपुऱ्यात जोडीचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्जाचा ६९ हर्ट्झला असतो. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला गुरूंनी कधी तरी ऐकवलेलं असतं. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे सुमारे ३४७ हर्ट्झ. आता आयईएम कानात घालून त्याला शोधा. काही आयईएममध्ये ‘स्वच्छ’ वाटावं म्हणून २०० ते ४०० हर्ट्झचा भाग खाली दाबलेला असतो. त्यात खर्ज ऐकू येतो, जवारीची झिलई ऐकू येते, पण गंधार मागे सरकतो आणि तानपुरा पोकळ होतो. बेस आणि खालचे मध्य यांतला फरक मला कुठल्याही आलेखापेक्षा या एका तारेने जास्त स्पष्ट शिकवला.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये जवारी ऐका. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे जे वरचे स्वरांश फुलतात, ते एकामागून एक उलगडत जायला हवेत. सगळे एकदम एका चकाकीत आले, तर वरच्या पट्ट्यात कुठे तरी टेकाड आहे असं समजा. जवारी बोथट झाली, तर तिथे खड्डा आहे.

मग गळा. पुरुष गायकाचा मंद्र-मध्य ऐका: आवाजाला अंग आहे का, की नुसती कडा? त्यानंतर काळी चारला गाणाऱ्या गायिकेचा तार सप्तक. तिचा तार पंचम सुमारे ६२२ हर्ट्झला असतो आणि त्याचे चौथे, पाचवे, सहावे स्वरांश अडीच ते पावणेचार हजारांच्या मधे पडतात. आयईएम बनवणारे नेमका हाच भाग उचलतात. का, ते आलेखाच्या पायरीत येईल. उचल जरा जास्त झाली की सुंदर पुकारसुद्धा कपाळात जाते.

बोललेली मराठीही उत्तम कसोटी आहे. एखादं नाट्यवाचन किंवा बातम्या लावा आणि ‘चार’मधला च आणि ‘चटणी’मधला च वेगळे ऐकू येतात का पाहा. दंत्य च चा फुत्कार तालव्य च पेक्षा वरच्या पट्टीत असतो, साधारण पाच हजारांच्या वर. तिथे आयईएम बसका असेल तर दोन्ही च एकमेकांजवळ येतात. तिथे उसळी असेल तर ‘चटणी’, ‘सासू’, ‘साजूक’ असे शब्द थुंकी उडाल्यासारखे ऐकू येतात.

तबल्यात डग्ग्याची मींड ऐका. हाताच्या दाबाने घुमारा वर-खाली सरकतो. तो सगळ्या उंचीवर सारखा भरलेला हवा. एका जागी फुगून दुसरीकडे विरला तर बेसमध्ये उंचवटा आहे. चाटेवरचा ना आणि द्रुत तिरकिट सुटे ऐकू आले पाहिजेत. शेवटी टाळ. टाळाचा आघात सगळेच आयईएम दाखवतात. आघातानंतरची किणकिण किती वेळ तरंगते आणि किती बारीक होत विझते, त्यावरून दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग कळतो. वयानुसार हा भाग आपल्यालाच कमी ऐकू येऊ लागतो, म्हणून यावर फार मोठा निकाल देऊ नका.

लाइव्ह मैफलीचं एखादं रेकॉर्डिंगही हाताशी असू द्या. श्रोत्यांतली ‘वाह’ कुठून येते, तबलजी गायकाच्या किती बाजूला बसलाय, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

झटपट अदलाबदल आणि सावकाश मुक्काम

दोन्ही रीती लागतात. आधी झटपट: एकच तुकडा, वीस-तीस सेकंदांचा, दोन्हीवर आळीपाळीने. प्रत्येक फेरीत एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं, फक्त गंधार किंवा फक्त च. सगळं एकदम ऐकायला गेलं की हाती फक्त ‘हा छान, तो पण छान’ उरतं.

नंतर एक आयईएम चार-पाच दिवस एकटाच वापरा. कान कोणत्याही ठेवणीला सरावतो. पहिल्या दिवशी विचित्र वाटलेला आयईएम तिसऱ्या दिवशी सहज वाटू शकतो. सरावल्यानंतरही जे खटकतं, तेच खरं खटकणं. आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याकडे परतल्यावर पहिली दोन मिनिटं जे जाणवतं ते लगेच वहीत उतरवा, कारण ती जाणीव लवकर पुसते.

वहीत विशेषणं कमी, प्रसंग जास्त लिहा. ‘वॉर्म आहे’ यापेक्षा ‘डग्गा गायकाच्या अंगावर येतो, पेटीचा आवाज जाड’ हे महिन्याने वाचलं तरी कळतं. रिव्ह्यू वाचायला चार शब्द पुरेसे आहेत: वॉर्म म्हणजे बेस आणि खालचे मध्य भरलेले. ब्राइट म्हणजे वरचा भाग पुढे. व्ही-शेप म्हणजे दोन्ही टोकं उचललेली आणि गळा मागे. न्यूट्रल म्हणजे काहीच मुद्दाम पुढे नाही, पण हा शब्द प्रत्येक जण आपापल्या सोयीने वापरतो.

आलेख शेवटी बघा

आधी ऐका, वहीत लिहा, मग फ्रीक्वेन्सीचा आलेख, म्हणजे आयईएम कोणता सूर किती जोरात वाजवतो ते दाखवणारी रेघ, उघडा. उलट क्रमाने केलं तर डोळा जे पाहतो तेच कान ऐकायला लागतो.

नवख्या माणसाला आलेखात पहिला धक्का बसतो तो तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या डोंगराचा. सपाट रेघ म्हणजे अचूक आवाज, असं आपण गृहीत धरलेलं असतं. पण कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर बाटली जशी घुमते, तशी ही नळी तीन हजारांच्या जवळपास घुमते, आणि जन्मापासून आपण सगळं जग त्या घुमारासकट ऐकतो. आयईएमने नळीचं तोंड बंद केलं की तो घुमार नाहीसा होतो. म्हणून तो आयईएमला स्वतःहून भरून द्यावा लागतो. डोंगर नसलेला आयईएम म्हणजे भिंतीपलीकडून ऐकू येणारं गाणं.

डोंगर किती उंच हवा यावर मतभेद आहेत. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून जी आदर्श रेघ काढली, तिच्यात खोल बेस बराच उचललेला आणि हा डोंगरही ठळक आहे. पॉपला ती रेघ खुलते. ख्यालासाठी मला डोंगर त्याहून थोडा बुटका आणि खालचे मध्य थोडे भरलेले आवडतात, तार सप्तकाच्या त्याच कारणाने.

दोन आलेख एकाच यंत्रावर काढलेले असतील तरच शेजारी ठेवा. आणि दहा हजारांच्या पुढच्या रेघेवर विसंबू नका.

काही खऱ्या ठेवणी

मोजपट्टी म्हणून एटिमोटिकचा ईआर४एसआर ऐकायला मिळाला तर सोडू नका. या घराण्यातला पहिला ईआर-४ १९९१चा. आजच्या महागड्या आयईएमच्या मानाने हा स्वस्त आहे. एकच आर्मेचर, तीन कंगोऱ्यांची टिप, नळीत खोलवर जाते आणि सुरुवातीला ते नकोसं वाटतं. बेस मुद्दाम उचललेला नाही, गळा स्वच्छ आणि समोर. त्यावर डग्गा सुका वाटेल, पण दोन्ही च चाकूने कापल्यासारखे वेगळे.

६४ ऑडिओचा यू१२टी दोन हजार डॉलरच्या घरातला, बारा आर्मेचरचा. खालचा भाग मोजका भरलेला, तीन हजारांचा डोंगर सौम्य, वरची किणकिण लांबवर पोचणारी. तासन्‌तास ऐकता येतो. त्याच्यासोबत दाब मोकळा करणारे दोन प्रकारचे मॉड्यूल येतात. एम२० लावला तर बेस थोडा वाढतो, एम१५ लावला तर कमी होतो. ठेवण म्हणजे काय हे शिकायला ही अदलाबदल झकास आहे.

सेनहायझरचा २०२१चा आयई ९०० याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा: ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा) ड्रायव्हर, बेस उचललेला, वरचे मध्य मागे, ट्रेबल पुन्हा वर. डग्ग्याची मींड त्यावर मन भरून ऐकावी. गायिका मात्र दोन पावलं मागे उभी राहते.

थिऑडिओ मोनार्क एमके-टू तीन जातींचे ड्रायव्हर एकत्र आणतो. खोल बेस उचललेला आणि डोंगर ठळक, म्हणजे हार्मनच्या वळणाचा. यू१२टी आणि मोनार्क शेजारी ठेवून काळी चारचा तार पंचम ऐकला, तर या लेखात जे शब्दांत सांगितलं ते दहा सेकंदांत कानाला कळेल.

पैसे देण्याआधी

हे आयईएम हाताळायला मिळणारी दुकानं मोजकी आहेत, बहुतेकांना न ऐकताच मागवावं लागतं. त्यावर एक उपाय आहे. हातातल्या आयईएमवर इक्वलायझर लावून नव्या ठेवणीची चव आधीच घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ. बेस उचललेला आयईएम हवासा वाटत असेल तर १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकदम उचलणारी खूण) ४ डेसिबलने वाढवा. गायिकेचा आवाज टोचतो म्हणून बदल हवा असेल तर ३००० हर्ट्झला रुंद उतार देऊन ३ डेसिबल खाली घ्या. आठवडाभर तसंच ऐका. दोन दिवसांनी इक्वलायझर बंद करावासा वाटला, तर ती ठेवण तुमची नव्हती आणि लाख रुपये वाचले. आठवडा उलटूनही तसंच आवडत असेल, तर कोणत्या वळणाचा आयईएम शोधायचा ते ठरलं. बेस वाढवाल तेव्हा प्रीअँप तितकेच डेसिबल खाली आणा, नाही तर डिजिटल आवाज वरच्या मर्यादेला धडकून फाटतो आणि तो दोष आयईएमच्या माथी बसतो.